कागदावरचं वय

एग्बॉन गोकेंकडे कुणी नवीन आलं की ते नाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारत.

"कागदावर वय किती?"

नुसतं 'वय किती' असं नाही. कागदावर किती. नायजेरियात, आमच्या इबादान शहरात, या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्याकडे बऱ्याच जणांना दोन वयं असतात. एक आईला माहीत असतं, दुसरं सरकारला.

एग्बॉन म्हणजे मोठा भाऊ. ते माझे सख्खे भाऊ नव्हते. पण अग्बोवो वस्तीतली सगळी पोरं त्यांना एग्बॉनच म्हणायची. युनिव्हर्सिटीच्या गेटसमोरचा रस्ता ओलांडला की झेरॉक्सच्या दुकानांची रांग लागते. त्यातलं सातवं दुकान त्यांचं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक लॅमिनेशनचं यंत्र आणि बाहेर एक जनरेटर. तो लाथ खाल्ल्याशिवाय सुरू होत नसे. इतर दुकानांहून वेगळं काही असेल तर ते दार. दर सोमवारी सकाळी ते दारावर एक कागद चिकटवत. त्या आठवड्यातल्या शिष्यवृत्त्या, फेलोशिप, इंटर्नशिप. देश, विषय, शेवटची तारीख. वयाची अट लाल शाईने.

हा कागद ते रविवारी तयार करत. आईला चर्चमध्ये सोडायचं आणि दुकानात येऊन शोधत बसायचं. कुठलं फिनलंड, कुठलं कोरिया. एकेक जाहिरात पुरती वाचायची. खोटी वाटली तर तिथल्या ऑफिसला पत्र लिहून विचारायचं. ते पैसे फक्त प्रिंटचे घेत.

मी साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि दीड वर्ष घरी बसले. मग एक दिवस त्या दारासमोर उभी राहिले. मी कागद वरून वाचत होते. त्यांनी आतूनच हटकलं.

"खालून वाच."

"का?"

"पोरं वरून वाचायला लागतात. विमानाचं तिकीट, राहायची सोय, महिन्याचा खर्च. वाचता वाचता मनाने तिकडे पोचलेली असतात. आपल्याला नाकारायची जागा कायम तळाला लिहिलेली असते. ती आधी बघायची. काय शिकलीस?"

"साहित्य."

"बरं. म्हणजे निबंध तरी तू लिहिशील. बाकीच्यांचे मला लिहावे लागतात. नाव काय, आणि कागदावर वय किती?"

"मोराडेके. चोवीस," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टाइप केलं.

चार महिन्यांनी मी घानात, अक्राला एका प्रकाशन संस्थेत होते. सहा महिन्यांची फेलोशिप. अट, पंचविसाच्या आतली. परत आले ती त्यांच्या दुकानातच बसायला लागले. निबंध मी तपासायचे, अटी ते तपासायचे. तोवर त्यांच्या हातून चौऱ्याहत्तर पोरं बाहेर गेली होती. काही जण बर्फात उभे राहून काढलेले फोटो पाठवत. ते फोटो बघायचे आणि म्हणायचे, "टोपी घालायला सांगा त्याला."

ते स्वतः का गेले नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही नवीन पोरं विचारायची.

"माझं वय कागदावर माझ्या पुढे निघून गेलं," ते सांगत.

झालं होतं असं. गावच्या शाळेत जन्मदाखला कुणाकडेच नव्हता. हेडमास्तर पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. गोके तेव्हा पुरते चार वर्षांचेही नव्हते. पण उंची वडिलांची होती आणि हात लांब. कान धरला गेला. हेडमास्तरांनी सहा लिहिलं. आई खूश. वर्गात सगळ्यात लहान आणि सगळ्यात पुढे. पुढे सगळ्या परीक्षांच्या दाखल्यांवर तीच तारीख उतरत गेली. ऑक्टोबर शहाऐंशी. खरी होती ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी.

ते भूगोलात पहिले आले होते. नकाशे काढायचे. अग्बोवोतल्या ज्या गल्ल्या फोनमधल्या नकाशात नाहीत, त्या त्यांनी पायी फिरून कागदावर उतरवल्या होत्या. पण वडील गेले, दोघा भावंडांची शिक्षणं झाली, तोवर वर्षं गेली. मान वर करून पाहिलं तेव्हा कागदावरचं वय बहुतेक अटींच्या पलीकडे गेलं होतं.

यावरचा उपाय रांगेतल्या प्रत्येक दुकानात मिळत होता. बाहेर पाटीच असायची. 'वयाचं शपथपत्र, दहा मिनिटांत.' कोर्टातला कारकून ओळखीचा. कुणीतरी मावशी, काका उभे राहून शपथ घेणार की हा अमक्या साली जन्मला. आपल्याला हवं ते साल. एग्बॉन गोकेंच्या दुकानात ते होत नसे. शेजारचा काझीम त्यांना रोज चिडवायचा.

"एग्बॉन, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक बसल्या बसल्या म्हातारं होतं. माझ्याकडे या म्हणावं, तरुण होऊन जाईल."

"तू स्वतः का नाही करून घेत मग?"

"मी केलंय ना. मी माझ्या धाकट्या भावाच्या पाया पडतो आता."

सगळे हसायचे. एग्बॉनही हसायचे. पण शपथपत्र टाइप करायचे नाहीत.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये मला ती जाहिरात सापडली. कॅनडातली एक संस्था. एक वर्ष. ज्या वस्त्या नकाशावर नाहीत त्यांचे नकाशे करायचे. स्वतःच्या वस्तीत पाच वर्षं लोकांना माहिती पुरवण्याचं काम केलेलं हवं. त्यांचंच नाव लिहायचं बाकी ठेवलंय असं वाटत होतं. मी त्यांच्यासमोर स्क्रीन फिरवली. त्यांनी खालून वाचलं.

"तीस जूनला पस्तीस पूर्ण नकोत," ते म्हणाले. "कागदावर छत्तीस आहेत."

"खरे चौतीस आहेत."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे."

"मग खरी तारीख लावा की. शपथपत्र करा."

"डेके, या शहरात शपथपत्र म्हटलं की काय समजतात?"

"पण तुमचं खरं आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले आणि लॅमिनेशनचं यंत्र पुसायला लागले.

मी ऐकलं नाही. हे मी केलं. मी बोडिजा बाजारात त्यांच्या आईकडे गेले. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने ओळखतात, तशी ती इया गोके, गोकेची आई. वाळवलेल्या कोनफळाचं पीठ विकायची. मी गुडघे टेकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. ती पीठ चाळत ऐकत होती.

"जन्मला त्या आठवड्यात चर्चच्या छपराचे पत्रे आले होते," ती म्हणाली. "बाप्तिस्मा नव्या छपराखाली झाला. वहीत लिहिलेलं असणार. आमचा प्रचारक एक अक्षर गाळायचा नाही."

आम्ही तिघं ओयोच्या पलीकडे त्यांच्या गावी गेलो. चर्चची वही एका पत्र्याच्या पेटीत होती. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण मधलं शाबूत. ओलागोके, मुलगा, जन्म नऊ ऑक्टोबर, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. बाजूला आईचा अंगठा. तिने त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. एग्बॉन बराच वेळ ते पान बघत उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हे मी कधी पाहिलं नव्हतं."

परतताना गाडीत ते म्हणाले, "करू या."

कोर्टात आई शपथेला उभी राहिली. तिने डोक्याला नवं कापड बांधलं होतं, रविवारी बांधते ते. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "किती कमी करायची, इया?"

"कमी नाही करायची. खरी लावायची आहे."

"सगळ्यांना खरीच लावायची असते," तो म्हणाला. मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले.

इया गोकेने त्याच्याकडे पाहिलं. "लेका, मला बायबल दे. चांगलं मोठं दे."

त्याने दिलं. तिने हात ठेवला आणि सांगितलं. छपराचे पत्रेसुद्धा सांगितले. कारकुनाने पत्रे लिहिले नाहीत.

अर्जात एग्बॉननी काही लपवलं नाही. जुना दाखला जोडला, वहीच्या पानाचा फोटो जोडला, शपथपत्र जोडलं. डोक्यावरून हात नेऊन कान धरण्याची गोष्ट एका परिच्छेदात लिहिली. तो परिच्छेद मी तपासला. त्यात बदलायला काही नव्हतं.

जुलैत मुलाखत झाली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निवडीचं पत्र आलं. बातमी रांगेत पसरली. काझीमने जनरेटरला हार घातला. त्या दिवशी इया गोकेने दुकानाबाहेर पातेली मांडली, कोनफळाच्या पिठाचा अमाला आणि बकऱ्याचं मटण, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बसवलं. "माझा पोरगा आता चौतीस वर्षांचा झाला," ती प्रत्येकाला सांगत होती. "इतकी वर्षं उगाच छत्तीसचा होता."

सप्टेंबरमध्ये कागद तपासणाऱ्या एका बाईचा फोन आला. ती लागोसहून बोलत होती. संस्थेने हे काम त्यांच्या कंपनीला दिलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"सर, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर शहाऐंशी आहे."

"हो मॅडम. असं का, ते मी अर्जात लिहिलंय."

"शपथपत्र मे महिन्यातलं आहे. अर्जाची मुदत जूनची."

"हो."

"म्हणजे मुदतीच्या आधी केलं."

"मॅडम, मुदतीनंतर करून काय उपयोग होता?"

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही हुशार आहात सर. मी फक्त लिहून घेते."

दहा दिवसांनी पत्र आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. जन्मतारखेतली दुरुस्ती अर्जाच्या मुदतीच्या आधी काही आठवडे केलेली आढळते. शपथपत्र देणारी व्यक्ती उमेदवाराची आई असून तिचा यात हितसंबंध आहे. चर्चची नोंद हा सरकारी पुरावा नाही. या भागात अशी खोटी शपथपत्रं वय कमी दाखवण्यासाठी सर्रास वापरली जातात. सबब निवड रद्द करण्यात येत आहे. उमेदवाराला यापुढे अर्ज करता येणार नाही.

गावच्या पाद्रींनी पत्र दिलं. ते पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. निर्णय अंतिम आहे.

त्या दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. लाइट गेले होते. जनरेटर कुणी सुरू केला नव्हता. मला राहवलं नाही.

"एग्बॉन, मला एक सांगायचंय. अक्राच्या वेळी मी चोवीस सांगितलं होतं."

"सव्वीस होतीस."



"माझ्या आत्याने मी शाळेत असतानाच कमी करून घेतलं होतं. सगळे कागद जुळतात," मी म्हणाले. "तुम्हाला कधी कळलं?"

"तुझा फॉर्म भरायच्या महिनाभर आधी फिकायो आली होती. तुझी धाकटी बहीण. नर्सिंगच्या शिष्यवृत्तीसाठी. आई-बापाची नावं तीच, पत्ता तोच. ती मार्च अठ्ठ्याण्णव. मग तू आलीस. ऑक्टोबर सत्त्याण्णव." त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच महिने. तुझ्या आईला सांग, मोठीच कर्तबगार बाई."

हसावं की काय ते मला कळेना. ते हसत नव्हते.

"मग भरलात का?"

"निबंध चांगला होता."

"तुम्ही तर कधी..."

"मी टाइप करत नव्हतो. करून आलेल्याला परत पाठवत नव्हतो." त्यांनी मोजलेली बोटं मिटली. "चौऱ्याहत्तरातले निम्मे तसेच आहेत, डेके. मला सगळ्यांची खरी वयं माहीत आहेत. त्यांचे कागद जुळत होते. माझे जुळले नाहीत."

तेव्हा मला नीट कळलं. त्यांनी सगळं उघड सांगितलं म्हणून ते अडकले. मी काहीच सांगितलं नाही म्हणून मी अक्राला गेले. आणि त्यांना त्या कोर्टात नेलं मीच.

दिवाणखान्यात बसून मुलांचं भलं करणाऱ्या माणसांबद्दल मी कादंबऱ्यांत पुष्कळ वाचलं होतं. असला माणूस कधी वाचनात आला नव्हता. त्यांना काय म्हणावं, ते मला सुचलं नाही. अजून सुचत नाही.

पुढच्या सोमवारी दारावर कागद लागला. नेहमीसारखाच. पण त्याच्या खाली एक पाटी होती. 'वयाचं शपथपत्र. लहान मुलांसाठी खास.'

काझीम बाहेर येऊन पाटी वाचत उभा राहिला. त्याने थट्टा केली नाही.

गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात यायला लागलं. एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. एग्बॉननी तिला खुर्ची दिली.

"शाळेत घातली का?"

"पुढच्या वर्षी घालणार."

"वेळेवर आलात. दोन वर्षं कमी करू. दाखला, लसीचं कार्ड, चर्चमधली नोंद, सगळीकडे एकच तारीख जायला हवी. धाकटं भावंड होणार असेल तर कागदावर मधे वर्षभर तरी अंतर ठेवा."

"हे खोटं नाही ना होत, सर?" बाईने विचारलं.

"आत्ता केलं तर नाही," ते म्हणाले. "उशीर झाला की खरंसुद्धा खोटं होतं."

ते काम त्यांनी फार चांगलं केलं. तपासणारे कुठे बघतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दूरदूरून लोक येऊ लागले. मला तिथे बसवेना. मी एका शाळेत शिकवायला लागले. भांडण झालं नाही. ते म्हणाले, "निबंध तपासायला येत जा." मी हो म्हणाले आणि गेले नाही.

डिसेंबरात इया गोकेने बाजारातून निरोप पाठवला. मी गेले. ती पोत्यांच्या मागे बसली होती. मला शेजारी बसवून घेतलं. कमरेच्या गाठीतून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झाला होता.

"दुकान झाडताना मिळाला," ती म्हणाली. "गोके म्हणतो त्या लोकांचे पैसे संपले. म्हणून नाही बोलावलं. मी दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, त्यांना पैसे मिळू देत म्हणून. पण पैसे संपले म्हणून माझा पोरगा लोकांची वयं खोटी लिहायला लागला? बाजारात बायका मला सांगतात. माझ्या पोराकडे जाऊन आले म्हणतात, झटपट केलं म्हणतात. मला इंग्रजी येत नाही. तू वाच."

तेच पत्र होतं.

मी कागद उलगडला. इंग्रजीत बघत आमच्या योरुबात बोलायला लागले. संस्थेकडे यंदा निधी कमी पडला. अनेक जागा रद्द कराव्या लागल्या. ओलागोके यांचं काम उत्तम आहे. त्यांच्या आईने दिलेली साक्ष आम्ही आदराने वाचली.

"माझं लिहिलंय?"

"हो मा."

"कुठे? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. मधेच कुठेतरी.

तिने वाकून ती जागा बघितली. मग म्हणाली, "परत वाच. पहिल्यापासून."

मी परत वाचलं. शब्द जवळजवळ तेच आले, मला वाटतं. साक्षीपाशी पोचले तेव्हा तिने परत माझ्या हाताकडे पाहिलं. मी बोट ठेवलं.

"मघाशी वर होतं," ती म्हणाली.

एक गिऱ्हाईक आलं. तिने उठून पीठ मोजून दिलं. मापावर नेहमीसारखं चिमूटभर वर टाकलं. परत येऊन बसली. 

"त्यांना वाटलं मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.



तिने कागद माझ्या हातातून घेतला. घडी घातली.

"मला कळलं हे गोकेला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी रविवारची प्रार्थना करत राहीन. तो मला सोडायला येतो, हल्ली बाहेर उभा राहून ऐकतो."